जुनं ईमेल खातं कायमचं बंद करायचंय, सुरुवात कुठून करू?

कात्रणवही

परवा सकाळी इनबॉक्स उघडला तर एका मेलच्या विषयाच्या ओळीत माझाच पासवर्ड. अक्षर न् अक्षर बरोबर, शेवटच्या उद्गारचिन्हासकट. आत धमकी: तुझ्या कॅमेऱ्यातून तुझं चित्रीकरण केलंय, ४८ तासांत बिटकॉइन पाठव, नाहीतर ओळखीच्या सगळ्यांना व्हिडिओ जाईल. मी मुद्रितशोधन करते, त्यामुळे आधी मेलमधल्या चुका मोजल्या (अकरा निघाल्या), मग घाबरले.

व्हिडिओची भीती नाही, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर कित्येक वर्षं चिकटपट्टी आहे. पण पासवर्ड खरा आहे ना! २००७ मध्ये हे खातं उघडलं तेव्हा तो ठरवला आणि पुढे जिथे जिथे नवीन खातं काढलं तिथे तिथे तोच देत गेले. हो, माहितीये. ओरडायचं असेल तर सगळ्यांनी मिळून एकदाच ओरडून घ्या.

तर आता हे खातं कायमचं मोडून टाकायचं ठरवलंय. नवा पत्ता काढून झालाय. हातासरशी बाकीची जुनी खातीही आवरायची आहेत, ती किती आहेत देव जाणे.

विचारतेय अशासाठी की मागे एकदा तोंड पोळलंय. वाचनाचं एक ॲप फोनवरून काढून टाकलं आणि खातं संपलं असं समजून बसले. पुढची दोन वर्षं कार्डावरून वर्गणी जात होती. विचारल्यावर उत्तर आलं, "आपण ॲप काढलंत, सदस्यत्व नाही." चूक निम्मी माझीच, त्यामुळे कंपनीचं नाव घेत नाही.

'डिॲक्टिव्हेट' आणि 'डिलीट' असे दोन पर्याय दिसतात, त्यातला कुठला घ्यायचा? अठरा वर्षांच्या मेलचं काय होतं? आणि बंद केल्यावर माझी माहिती त्यांच्याकडून खरंच जाते, की ते बटण आपल्या समाधानापुरतं ठेवलेलं असतं?

तांत्रिक शब्द जरा जपून वापरा ही विनंती.

पाटीकोरी

ताई, थांबा. पासवर्ड आत्ता, हे वाचता वाचता बदला. पण खातं आज मोडू नका.

एका कंपनीत सात वर्षं मी खाती बंद करायचे अर्ज निस्तरत होतो. सगळ्यात केविलवाणे अर्ज कुणाचे असायचे, तर ज्यांनी मेलचं खातं आधी मोडलं आणि बाकीची आवराआवर नंतर काढली त्यांचे. पासवर्ड विसरलात, रीसेटची लिंक जाते जुन्या मेलवर. फोन नंबर बदललाय, कोड जातो जुन्या मेलवर. डिलीट करायचं म्हटलं तरी "नक्की ना?" विचारणारी लिंक जाते जुन्या मेलवरच. ती पेटीच नसेल तर तुम्ही तुम्हीच आहात हे आम्ही मानायचं कशावरून? किल्ल्यांचा जुडगा विहिरीत टाकायचा आणि मग कुलपं मोजायला बसायचं, असला प्रकार.

दुसरं कारण याहून वाईट आहे. सोडलेला पत्ता पुढे दुसऱ्याला मिळू शकतो. २०१३ मध्ये याहूने वर्षभर न वापरलेले आयडी नव्या लोकांना द्यायला सुरुवात केली, आणि त्यातल्या काहींच्या इनबॉक्समध्ये आधीच्या मालकांच्या मेल येऊन पडू लागल्या. तुमचं एखादं विसरलेलं खातं त्या पत्त्याला बांधलेलं असेल, तर नव्या मालकाने नुसतं 'पासवर्ड विसरलो' दाबायचा अवकाश. जीमेल वापरलेलं नाव परत कुणाला देत नाही, पण सगळेच असे वागत नाहीत. म्हणून माझा सल्ला: बाकीची खाती आधी, मेलचं सगळ्यात शेवटी. जमलं तर ते मोडूच नका, जिवंत ठेवा आणि कडीकुलपात ठेवा.

धमकीच्या मेलबद्दल. या मेल २०१८ पासून लाखो लोकांना जातात. पासवर्ड तुमच्या संगणकातून गेलेला नसतो. कधीकाळी एखाद्या साइटची पासवर्डांची वहीच चोरीला गेलेली असते, तिच्यातून उचललेला असतो. 'हॅव आय बीन पोन्ड' ही ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये काढलेली साइट आहे. तिथे आपला मेल पत्ता टाकला की तो कुठल्या कुठल्या चोरीत सापडला ते कळतं. मेलला उत्तर देऊ नका, पैसे पाठवू नका. तो पासवर्ड जिथे जिथे दिलाय तिथे मात्र त्याची आजपासून पाटी कोरी समजा.

आता मेलच्या पेटीची डागडुजी. पासवर्ड बदलून दोन टप्प्यांचं लॉगिन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं) लावा. मग सेटिंग्जमध्ये जाऊन तीन जागा बघा, या कुणी बघत नाही. 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर'मध्ये अनोळखी पत्ता नाही ना? चोर आत येऊन गेला असेल तर तुमच्या मेलची एक प्रत गुपचूप स्वतःकडे वळवून ठेवतो, पासवर्ड बदलला तरी ती वाट चालूच राहते. कुठल्या फोनवर, संगणकावर लॉगिन आहे ती यादी. आणि कुठल्या ॲपांना या खात्यात शिरायची परवानगी दिलीय ती यादी. वर्षानुवर्षं साठलेलं सगळं उपटून टाका.

यानंतर खाती शोधायची. डोक्यातून आठवत बसू नका, निम्मीही आठवणार नाहीत. इनबॉक्समध्येच 'वेलकम', 'व्हेरिफाय', 'पासवर्ड', 'इनव्हॉइस', 'अनसबस्क्राइब' असे शब्द इंग्रजीत टाकून शोधा. ब्राउझरने साठवलेले पासवर्ड बघा. आणि जिथे "गूगलने लॉगिन करा", "फेसबुकने लॉगिन करा" असं एका टिचकीत शिरलात, त्या साइटी वेगळ्या लिहून काढा. तिथे तुमचा स्वतंत्र पासवर्डच नसतो. मूळ खातं गेलं की दार आपोआप बंद, आणि माल आत.

पाटीकोरी

राहिलेल्या प्रश्नांची उत्तरं. जेवताना आठवली.

डिॲक्टिव्हेट म्हणजे दुकानाचं शटर ओढणं. माल जागच्या जागी, लोकांना दिसत नाही एवढंच. तुम्हाला डिलीट हवंय. पण डिलीट दाबल्या क्षणीही काही जळत नाही. आतून काय होतं ते सांगतो, कारण ते मी रोज बघायचो. तुमच्या नावापुढे 'बंद करायचे' अशी एक खूण पडते. बाहेरच्यांना तुम्ही दिसेनासे होता. मग थांबायची मुदत सुरू होते. फेसबुक, इन्स्टाग्रामची ३० दिवस. मायक्रोसॉफ्ट ३० की ६० हे तुम्हालाच विचारतं. मुदत संपली की खरं पुसायचं काम लागतं, आणि बॅकअपच्या प्रती त्यानंतर सावकाश जातात. पूर्ण पुसायला फेसबुक ९० दिवसांपर्यंत लागतील म्हणतं. गूगल चालू सर्व्हरवरून काढायला साधारण दोन महिने आणि बॅकअपसाठी सहा महिन्यांपर्यंत म्हणतं. पैशांच्या व्यवहाराच्या नोंदी मात्र कंपनीला कायद्याने ठेवाव्या लागतात, त्या राहतात.

म्हणजे बटण खोटं नाही, सावकाश आहे. पण त्याला एक भोक आहे आणि ते माझ्या टेबलावर होतं. अर्ज करताना लोक न मागता ओळखपत्राचा फोटो जोडायचे. दोन्ही बाजूंचा. आम्हाला त्याची गरज नसायची. खातं पुसलं जायचं खात्यांच्या यंत्रणेतून, आणि तो फोटो असायचा तक्रारीच्या तिकिटाला, म्हणजे तक्रारीच्या नोंदीला, जोडलेला, वेगळ्याच यंत्रणेत. बंद करायला आलेला माणूस आधी आमच्याकडे नव्हती ती माहितीही देऊन जायचा. तेव्हा ज्या मेलने खातं उघडलंय त्याच मेलवरून, लॉगिन करून अर्ज करा, बहुतेक ठिकाणी तेवढं पुरतं. ओळखपत्र मागितलंच तर नाव सोडून बाकीचे आकडे झाकून चालेल का ते आधी विचारा. आणि शेवटी "तिकिटाला जोडलेली कागदपत्रंही काढून टाका" ही एक ओळ लिहा.

क्रम एवढाच लक्षात ठेवा: आधी वर्गणी थांबवा, मग साठवलेलं कार्ड काढून टाका, मग आपली माहिती उतरवून घ्या, मग डिलीट. वर्गणी ॲप स्टोअरमधून सुरू झाली असेल तर थांबवायचीही तिथेच, साइटवरून थांबत नाही. वॉलेटमध्ये शिल्लक असेल तर ती आधी काढा, खात्याबरोबर तीही बुडते. बंद झाल्याची मेल आली की जपून ठेवा.

निवांत

एवढं कशाला? बंद करण्याआधी नाव, जन्मतारीख, पत्ता सगळं खोटं भरून टाका. मग त्यांनी पुसलं काय, न पुसलं काय.

पाटीकोरी

निवांत, जिथे डिलीटचं बटणच नाही तिथे हा उपाय बरा आहे. बाकी ठिकाणी दोनदा विचार करा. एक तर जुन्या नोंदी बॅकअपमध्ये तशाच असतात. दुसरं, तुम्ही 'अबक' नाव टाकून ठेवलंत आणि उद्या पैसे परत मागायची वेळ आली, तर पैसे अबकला मिळतील. तोंडाला येईल तो मेल पत्ता तर कधीच टाकू नका, तो दुसऱ्या कुणाचा तरी असतो. अशा एका बाईंना तीन वर्षं एका अनोळखी माणसाच्या पावत्या येत होत्या, तिकीट माझ्याकडे होतं.

शेवटचा_बाक

खातं बंद करायला कस्टमर केअरचा नंबर शोधू नका, कृपा करून. आमच्या सासऱ्यांनी शोधला. वरच आलेल्या नंबरवर फोन केला. पलीकडचा माणूस इतका गोड बोलत होता की सासरे त्याला अरे बाळा म्हणायला लागले. बाळाने "खातं बंद करायला एक छोटं ॲप घ्या" म्हणून स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावलं, आणि मग ओटीपी त्याला आपोआपच दिसला. माझी बायको खोलीत आली आणि तिने फोनच बंद केला म्हणून निभावलं. नंबर ॲपच्या आतून घ्या, नाहीतर घेऊच नका.

"तुमचं खाते २४ तासांत बंद होणार आहे, येथे क्लिक करा" अशी मेल आली तरी तेच. पत्ता स्वतः टाइप करून जा.

तळटीप

बटण सापडत नाही म्हणून सोडून देणाऱ्यांसाठी. ॲपमध्ये खातं उघडता येत असेल तर ते मिटवायची सुरुवातही ॲपमध्येच करता आली पाहिजे, असा ॲपलचा नियम ३० जून २०२२ पासून आहे. प्ले स्टोअरवर ॲपच्या पानावर 'डेटा सेफ्टी' भागात जा, खातं मिटवायची लिंक तिथे असते. 'जस्टडिलीटमी' नावाची साइट आहे, तिच्यावर कुठलं खातं सोपं, कुठलं अवघड, कुठलं अशक्य याची यादीच आहे. विकिपीडियाचं खातं तर मिटतच नाही, नाव बदलून मिळतं. रेडिटवर खातं मिटलं तरी लिहिलेलं तिथेच राहतं, फक्त नाव जातं. तेव्हा लिहिलेलं काढायचं असेल तर आधी ते हाताने काढा, नंतर खातं.

आणि ओळखपत्र मागणारे सगळेच लबाड नसतात. युरोपचा जीडीपीआर हा माहितीच्या संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ ला लागू झाला, त्यात आपली माहिती मागायचा आणि पुसून घ्यायचा हक्क आहे, कंपनीने एका महिन्यात उत्तर द्यायचं. पुढच्याच वर्षी एका संशोधकाने आपल्या होणाऱ्या बायकोच्या नावाने, तिच्या संमतीने, दीडशे कंपन्यांना पत्रं लिहिली. तिची माहिती ज्यांच्याकडे होती त्यांतल्या जवळपास पावभाग कंपन्यांनी धड खातरजमा न करता ती त्याच्या हातात ठेवली. त्यामुळे समोरचा जरा जास्त चौकशी करत असेल तर मला उलट बरं वाटतं.

कात्रणवही

तीन आठवड्यांनी येतेय. पाटीकोरीदादा, तुम्ही थांबवलंत म्हणून वाचले.

शब्द टाकून शोधत गेले तर एकूण ७१ खाती निघाली. मला आठवत होती चौदा. सर्वांत जुनं २००८ मधलं, शुभेच्छापत्रं पाठवायच्या साइटचं. ती साइटच आता अस्तित्वात नाही, माझी जन्मतारीख कुणाच्या गोदामात आहे कोण जाणे. फॉरवर्डिंगमध्ये काही निघालं नाही, पण परवानगी दिलेल्या ॲपांच्या यादीत नऊ जण बसले होते. त्यातला एक राशिभविष्याचा, आणि त्याला माझ्या सगळ्या मेल वाचायची मुभा. मी दिलेली. कधी, का, काही आठवत नाही.

सगळ्यात लाज वाटली ती आरोग्याच्या एका चर्चास्थळावर. तिथे २०११ मधले माझे ३४ प्रतिसाद, खऱ्या आडनावासकट, पाठदुखी आणि तिच्या आजूबाजूच्या नको त्या तपशिलांसह. खातं मिटवलं असतं तर ते तसेच राहिले असते. तळटीप यांचं वाचून एकेक हाताने काढला. दोन संध्याकाळी गेल्या. त्यानंतरही गूगलच्या शोधात जुनी वाक्यं काही दिवस दिसत होती. कालबाह्य मजकूर काढायचा गूगलचा एक फॉर्म आहे, तो भरल्यावर गेली.

मेलची प्रत उतरवून घेतली. एमबॉक्स नावाची एकच भलीमोठी फाइल मिळते, दोनदा टिचकी मारून काहीच होत नाही. थंडरबर्ड नावाच्या मेल वाचायच्या प्रोग्रॅममध्ये ती उघडता येते हे शोधायला एक रविवार गेला. एक सांगते, खातं मिटवायच्या आधी ती फाइल खरंच उघडते का ते बघा, नुसती उतरवून समाधान मानू नका. माझी पहिली फाइल अर्धवट उतरली होती, २०१४ च्या पुढचं काही नव्हतं. दुसऱ्या खेपेला सगळं आलं. त्यात बाबांच्या बारा मेल सापडल्या. ते नुकतंच देवनागरी टंकायला शिकले होते तेव्हाच्या, एकीतही पूर्णविराम नाही. मुद्रितशोधकाने बघू नयेत अशा. त्या वेगळ्या काढून छापून ठेवल्यात.

हिशोब असा: ५२ खाती मिटवली, ११ नव्या पत्त्यावर हलवली, सहांना डिलीटच नाही म्हणून निवांत यांचा उपाय केला. सहांपैकी एकीकडे जन्मसाल १९०१ घातलं, तर त्यांच्याकडून ज्येष्ठांसाठीच्या सवलतीची मेल आली. एक साइट गेलेली. मेलचं खातं ठेवलं, मोडलं नाही. नवा पासवर्ड, दोन टप्पे, आणि "आता या पत्त्यावर मी नसते" असं आपोआप जाणारं उत्तर. दर तीन महिन्यांनी एकदा उघडायचं असं कॅलेंडरमध्ये टाकलंय, कारण दोन वर्षं न उघडलेलं खातं गूगल मिटवू शकतं असं वाचलं, आमच्या मेलवाल्यांचा नियम काही वेगळा असेल असं वाटत नाही.

ओळखपत्र एकाच ठिकाणी मागितलं. आकडे झाकून चालतील का विचारलं, चालतील म्हणाले. फोटो काढून टाका ही ओळही लिहिली, त्यावर "काढला" असं एका शब्दाचं उत्तर आलं. ते मेल ठेवलंय.

बेरीज केलीत तर सत्तरच भरतील. एकाहत्तरावं खातं एका समाजमाध्यमाचं, आणि तिथे मी माती खाल्ली. डिलीट करून बाविसावा दिवस होता. म्हटलं, बघू तरी गेलं का. नाव टाकलं, पासवर्ड टाकला, आणि पडद्यावर फुगे उडाले: "तुमचं पुन्हा स्वागत आहे!" बघायला म्हणून लॉगिन केलं की अर्ज रद्द होतो, हे त्याच पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. बारीक अक्षर वाचायचे मी पैसे घेते.

काल पुन्हा पहिल्यापासून डिलीट केलंय. या वेळी पासवर्ड साठवलेल्या यादीतूनही काढून टाकला.

पाटीकोरी

ताई, फोनमधलं त्याचं ॲपही काढा. नाहीतर ते मागच्या मागे स्वतःच लॉगिन करेल.

कात्रणवही

अरे देवा. काढलं. दादा, दिवस आजपासून मोजू की कालपासून?

पाटीकोरी

सेटिंग्जमध्ये बघायला जाऊ नका म्हणजे झालं. डिलीट केल्याची मेल आली असेल, तारीख तिच्यात असते.